ढवळ्याशेजारी पवळ्या

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याचा तोटाही नाही. उत्तर आणि पश्चिम अंगाला वर्धा नदी, मधून धाम, बोर आणि वणा. त्यात भर म्हणून हिंगणीजवळचं बोर धरण, महाकाळीचं धाम धरण, पोथरा, लाल नाला आणि आर्वी तालुक्यात धनोडीजवळचा निम्न वर्धा प्रकल्प. या पाण्यावर भोई आणि ढिवर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकत आली आहेत. धरणं झाली तशा मच्छीमार सहकारी संस्था आल्या, ठेके आले, रोहू-कतला-मृगळाचं बीज सोडणं आलं. पाण्यावर जायचं साधन मात्र फारसं बदललं नाही. लाकडी डोंगा, लोखंडी पत्र्याचा डोंगा, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला ट्रकची ट्यूब नाहीतर थर्माकोलचा तराफा. अलीकडे फायबरच्या नावाही दिसतात.

ॲल्युमिनियमची नाव या भागात विरळाच. आली तरी कोरी करकरीत येत नाही. कुठल्या तरी खात्याच्या लिलावातून, बंद पडलेल्या बोट क्लबातून नाहीतर थेट भंगारवाल्याच्या ढिगातून ती येते. अशी नाव समोर आली की माणसाच्या मनात दोन विचार येतात. एक, किलोच्या भावाने विकून टाकावी. दोन, चार रिव्हेट ठोकून, एम.एस.ची, म्हणजे साध्या पोलादाची, फ्रेम जोडून, वर प्लायवूड टाकून पाण्यात सोडावी. पहिला विचार निदान प्रामाणिक आहे. दुसऱ्यात नावेचा जीव जातो, आणि क्वचित माणसाचाही.

आधी ही नाव घ्यावी तरी का, ते पाहू. दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा जवळजवळ १६ किलो भरतो. तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तेवढाच तुकडा आठ किलो. म्हणजे जाडी दीडपट घेऊनही वजन निम्मं. तेरा-चौदा फुटी नाव दोन माणसं उचलून काठावर आणू शकतात. मे महिन्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि मधे अर्धा फर्लांग चिखल पसरतो, तेव्हा या हलकेपणाची किंमत कळते. अमेरिकेत लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीचे विल्यम हॉफमन यांना १९४४ साली सुट्टीवर असताना जड लाकडी कनू, म्हणजे चिंचोळी होडी, खांद्यावरून वाहून नेताना हेच सुचलं. विमानाचा पत्रा इथे का चालू नये? महायुद्ध संपताच कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू विकायला काढल्या. त्यांतल्या कित्येक आजही पाण्यावर आहेत.

एवढी वर्षं त्या टिकल्या याचं कारण आपल्या स्वयंपाकघरातही पाहायला मिळतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचंच, जुनं पातेलं घ्या आणि सुरीच्या टोकाने एक ओरखडा काढा. ओरखडा चमकतो, मग त्याची चमक मंदावते. उघड्या धातूने हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःवर एक पापुद्रा चढवलेला असतो. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूपर्यंत पाणी पोचू देत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, पोपडे धरून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचा गंज हेच त्याचं चिलखत. म्हणून गोड्या पाण्यात ही नाव रंग न देताही वर्षानुवर्षं राहते.

या चिलखताला दोन गोष्टी सोसत नाहीत. फार आम्ल आणि फार अल्क. त्याच पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं की ते काळं पडतं, हे घरोघरी माहीत आहे. पापुद्रा सोड्यात विरघळतो. पाण्याचा सामू साधारण चार ते साडेआठ यांच्या मधे असेपर्यंत ठीक, त्याबाहेर धातू उघडा पडतो. आता वर्ध्याची काळी माती आठवा. कापसाची ही जमीन चुनखडीमुळे अल्कतेकडे झुकलेली, आणि पाणी धरून ठेवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. नावेच्या तळाशी, आडव्या पट्ट्यांच्या बेचक्यात, फळ्यांच्या खाली ही माती साचते. वरून वाळलेली दिसते, आत ओलीच असते. तिच्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे पापुद्र्याला झालेली इजा भरून येत नाही. बाजूचा पत्रा धडधाकट आणि मातीखाली मात्र सुईने टोचल्यासारखे खड्डे पडत जातात. वरून पाहिलं तर तिथे फक्त पांढऱ्या भुकटीचा एक फुगवटा दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो टोच्याने खरवडला की खाली खड्डा सापडतो, आणि कधीकधी टोचा आरपार जातो. ओलं गोणपाट, ओली सतरंजी, पाणी प्यालेला फोम, सगळ्यांचा परिणाम हाच. ॲल्युमिनियमची नाव पाण्यात सडत नाही, काठावर ठेवल्या ठेवल्या सडते. पालथी घालून, दोन ओंडक्यांवर, जमिनीला न टेकता ठेवलेली नाव आणि चिखलात उताणी पडलेली नाव यांच्या आयुष्यात दशकांचा फरक पडतो.

दुसरा शत्रू अधिक कपटी आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण बैलांची असली तरी धातूंना तंतोतंत लागू पडते. फरक एवढाच की इथे गुण लागत नाही, जीव जातो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून पाण्यात बसले की त्यांची बॅटरी तयार होते. त्यातला जो अधिक चंचल तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. नावेवर वापरायच्या धातूंमध्ये ॲल्युमिनियम जवळजवळ नेहमी झिजणाऱ्याच्या बाजूला असतो. तांबं, पितळ, कांसं यांच्या शेजारी तर त्याची धडगत नाही.

याचं सगळ्यात खर्चिक प्रात्यक्षिक १८९५ साली अमेरिकेत झालं. अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी नॅथनेल हेरेशॉफ यांनी ‘डिफेंडर’ नावाची नौका बांधली. पाण्याखालचा भाग कांशाचा, कारण तो गुळगुळीत राहतो. पाण्यावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, कारण तो हलका. सांगाड्यात पोलाद. वजनाचं गणित इतकं सुरेख जमलं की ‘डिफेंडर’ने इंग्लंडच्या ‘वाल्किरी ३’ला हरवून कप राखला. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्याने या तीन धातूंमध्ये जी बॅटरी चालू केली ती कुणाला बंद करता आली नाही. १९०१ साली, म्हणजे सहाव्या वर्षी, नौका मोडीत काढावी लागली. हेरेशॉफ त्या काळचे नामांकित रचनाकार. त्यांची ही गत, तर आपल्या चौकातल्या फॅब्रिकेटरने लोखंडी अँगल जोडून दिला म्हणून त्याला काय बोल लावायचा!

गोड्या पाण्यात वीज कमी वाहते, म्हणून हे सगळं सावकाश चालतं. सावकाश म्हणजे नाही असं नव्हे. जुन्या नावेवर पितळी स्क्रूभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं दिसलं तर ते याच बॅटरीचं. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे नदीत नाणं टाकायची रीत आहे. नावेतून टाकलेलं एखादं जुनं तांब्याचं नाणं पाण्याऐवजी फळीखाली घरंगळतं आणि चिखलात पत्र्याला चिकटून बसतं. काही पावसाळ्यांनी नाण्याच्या आकाराचं भोक पडतं. नाव साफ करताना फळ्या उचलायच्या त्या यासाठीही.

असाच एक सापळा प्लायवूडचा. मोटार अडकवायची तर मागच्या आडव्या पत्र्याला आतून लाकडाचा आधार लागतो, आणि जुन्या नावेत हेच लाकूड सगळ्यात आधी कुजलेलं सापडतं. मग कुणीतरी शहाणपणाने सांगतो, साधं नको, मरीन प्लाय घाल. सल्ला चांगला, पण अर्धाच. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून मरीन प्लायला जी औषधं पाजतात त्यांत बहुधा तांब्याचे क्षार असतात. ते ओलाव्याबरोबर बाहेर येऊन पत्र्यावर बसतात आणि ‘डिफेंडर’चा खेळ लहान प्रमाणात पुन्हा सुरू होतो. प्लाय घालायचाच तर सहाही बाजूंनी, आणि बोल्टसाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनसुद्धा, एपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. मला विचाराल तर पक्कं सागवान घेऊन त्यालाच एपॉक्सी द्यावी. विदर्भात सागासाठी लांब जावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. ती गळती शोधण्यापासून सुरू होते. त्यासाठी नाव पाण्यात नाही टाकायची, पाणी नावेत टाकायचं. नाव दोन घोड्यांवर ठेवून आत चार-सहा इंच पाणी भरायचं आणि खाली पाठीवर पडून पाहायचं. जिथे थेंब धरतो तिथे मार्करने खूण. रिव्हेटची अख्खी रांग पाझरते आहे, शिवणीतून येतं आहे, की पत्र्यालाच चीर आहे, हे अर्ध्या तासात कळतं. पाणी फार भरू नये. त्याचं वजन नावेला आतून सोसायची सवय नसते.

सैल झालेला भरीव रिव्हेट पुष्कळदा पुन्हा ठोकून बसतो. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा टेकवायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची. जो बसत नाही तो ड्रिलने काढून एक माप मोठा घालायचा, ॲल्युमिनियमचाच. इथे घाई करणारे पॉप रिव्हेट वापरतात. एका माणसाचं काम, पाच मिनिटांत दहा. पण बाजारातला साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो आणि त्याच्या पोटात पोलादी खिळ्याचं मुंडकं अडकून राहतं. म्हणजे गळतीला वाट आणि गंजाला सोबत, दोन्ही एका रुपयात. भरीव रिव्हेट पोचतच नसेल तिथे बंद टोकाचा, पूर्ण ॲल्युमिनियमचा घ्यावा.

चिरेच्या टोकाला आधी तीनेक मिलिमीटरचं भोक पाडतात. ऐकायला उफराटं वाटतं, पण चिरेच्या धारदार टोकाशी ताण एकवटलेला असतो, गोल भोकात तो पसरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते. मग गोल कोपऱ्यांचं ठिगळ, खाली सीलंट, कडेने रिव्हेट. हा पत्रा मात्र हार्डवेअरच्या दुकानातून छपराचा म्हणून मिळतो तो नव्हे. तो मऊ असतो. नावेला मॅग्नेशियम मिसळलेला, ५०५२ किंवा ५०८३ या जातीचा लागतो. नावेचा मूळ पत्रा कुठल्या जातीचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही. प्रयोगशाळेत वर्णपटमापकावर ते मिनिटांत कळतं. नागपूरजवळ वाडीला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि संरचना केंद्र आहे. देशात या धातूवर अभ्यास करणारी एक मोठी संस्था वर्ध्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, ही गोष्ट वर्ध्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

वेल्डिंगचं काम गावातल्या साध्या मशीनवर करायला जाऊ नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, त्याच्यावरचा पापुद्रा मात्र दोन हजार अंशांच्याही वर. त्यामुळे आत धातूचं पाणी झालेलं असतं आणि वर सालपट शाबूत. शिवाय लोखंड तापलं की लाल होतं, कारागिराला इशारा मिळतो. हा धातू रंग न बदलता एकाएकी खाली गळून पडतो आणि बोटभर चिरेच्या जागी तळहाताएवढं भोक राहतं. लोक ज्याला आरगन वेल्डिंग म्हणतात ते, तेही उलटसुलट प्रवाहावर चालणारं, इथे लागतं. प्रवाहाच्या एका फेऱ्यात पापुद्रा फुटतो, दुसऱ्यात धातू वितळतो. वेल्डिंगआधी घासायला स्टेनलेसचा नवा ब्रश घ्यावा. लोखंडावर वापरलेला ब्रश त्याचे कण पत्र्यात रुतवून ठेवतो.

सीलंटबद्दल एक हिशेब सांगतो, म्हणजे कडक पुट्टी का टिकत नाही ते समजेल. चार मीटर लांबीची नाव डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी मोजली तर लांबीत साडेचार-पाच मिलिमीटरचा फरक पडतो. वर्ध्याचा पारा पंचेचाळीस गाठतो तेव्हा उन्हातला पत्रा त्याच्याही कितीतरी वर जातो, अनवाणी पाय ठेवता येत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. या ओढाताणीत दगडासारखी वाळलेली पुट्टी एका उन्हाळ्यात तडकते. रबरासारखं लवचीक राहणारं पॉलीयुरेथेन सीलंट टिकतं. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळावं, तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो. रंग द्यायचाच असेल तर आधी धातूला पकडणारा एच प्रायमर. लोखंडी गेटवर मारतात ते रेड ऑक्साइड इथे पोपड्यांनी निघून येतं.

जुन्या पत्र्यासाठी एवढा खटाटोप करावा का? वर्ध्याच्याच मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचा विचार मांडला, त्यात निसर्गाच्या साठ्यातून एकदाच मिळणाऱ्या वस्तू आणि पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या वस्तू असा भेद केला होता. ॲल्युमिनियम अर्थात साठ्यातला. लाकडी डोंगा त्यांना अधिक पसंत पडला असता, यात शंका नाही. पण खाणीतून आधीच निघालेला, भरमसाट वीज खाऊन तयार झालेला पत्रा आणखी वीस-तीस वर्षं कामाला लावायला त्यांनी हरकत घेतली असती असं वाटत नाही.

नाव गळायची थांबली की मालकाला रूपांतराचे वेध लागतात. मासेमारीच्या नावेची सहलीची नाव, पक्षी पाहायची नाव, उभं राहून गळ टाकायची नाव. सगळ्यांत पहिली मागणी एकच, वर सपाट डेक. आणि पहिली चूक तीच.

एक साधी नाव धरू. तळ चार मीटर लांब, एक मीटर रुंद. एक सेंटिमीटर बुडायला तिला ४० किलो लागतात. नावेचं वजन ८० किलो आणि साठ किलोची सहा माणसं, एकूण ४४० किलो, म्हणजे ११ सेंटिमीटर बुडेल. काठ दीड फूट उंच असेल तर पाहणारा म्हणेल, अजून चार जण बसतील. पण नाव वजनाने बुडण्याआधी कलून उलटते. एवढ्या रुंदीची, एवढी बुडालेली चौकोनी नाव स्वतःला सावरू शकते ती माणसांसकट सगळ्या वजनाचा मध्य तळापासून सुमारे ८० सेंटिमीटरच्या खाली असेपर्यंत. सहाही जण बाकावर बसले तर तो मध्य ४५ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. भरपूर सवड. सहाही जण उभे राहिले की तो ७७ वर जातो, म्हणजे कडेलोटाशी. आता खाली फक्त २० सेंटिमीटर उंच डेक टाका आणि त्यावर त्यांना उभं करा. मध्य नव्वदच्या पार. ही नाव उलटायला वारा नको, लाट नको. कुणीतरी ‘तो बघ मासा’ म्हणालं की पुरे.

आत पाणी साचलं असेल तर हा आकडा आणखी बिघडतो. सपाट तळाच्या नावेत साचलेलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. डेकखाली साचलेलं तर दिसतही नाही. म्हणून डेक करायचाच तर शक्य तितका खाली, उचलता येतील अशा तुकड्यांचा, आणि उभं राहायची जागा एकाच माणसापुरती.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात झुंज इथे नाव उलटून एकमेकांच्या नात्यातले ११ जण बुडाले. त्या घटनेनंतर लाइफ जॅकेटची चर्चा झाली, ती योग्यच होती. पण जॅकेट उपयोगी पडतं ते नाव उलटल्यावर. उलटू न देण्याचं काम नावेचं, आणि उलटलीच तर तरंगत राहण्याचंही. ॲल्युमिनियम स्वतः तरंगत नाही. ८० किलोचा पत्रा पाण्याखाली जेमतेम ३० लिटर जागा व्यापतो, म्हणजे उरलेले ५० किलो त्याला तळाशी ओढतात. मोटार, बॅटरी आणि काठाला धरून लोंबकळणारी माणसं धरून सव्वाशे-दीडशे लिटर फोम बसवावा लागतो. तो दोन्ही कुशींना, काठालगत वर बसवायचा. मधोमध तळाशी बसवला तर पाण्याने भरलेली नाव पालथी होते आणि धरायला गुळगुळीत तळ उरतो. थर्माकोल स्वस्त, पण त्यावर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद पेशींचा फोम घ्यावा, आणि पत्र्याला थेट न चिकटवता खाली हवा खेळेल असा ठेवावा. ओल्या मातीचा धडा इथेही लागू आहे.

छोटी विजेवरची मोटार बसवणार असाल तर वायरमनला एक गोष्ट बजावून सांगा. ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर एक तार बॉडीला जोडून काम भागवतात. ॲल्युमिनियमच्या नावेत बॉडीला अर्थ दिला तर बॅटरीचा भटका प्रवाह पाण्यावाटे वाहतो आणि तांब्याच्या नाण्याला ज्याला वर्षं लागतात ते काम काही आठवड्यांत करतो. दोन्ही तारा बॅटरीपर्यंत स्वतंत्र, आणि फ्यूज बॅटरीजवळ. शिशाची शंभर ॲम्पियर-तासांची बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते. ती मधोमध, तळाशी, पट्ट्याने बांधून.

मोटार बसली की नाव कायद्याच्या नजरेत वेगळी होते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली आलेल्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली यंत्रचलित नावेची तपासणी आणि नोंदणी लागते. धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी, ठेका असेल तिथे मच्छीमार संस्थेशी बोलणं वेगळं. बोर धरणाला २०१४ पासून व्याघ्रप्रकल्पाचा शेजार आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय नाव हलवण्याचं मनातही आणू नये.

पाण्यात सोडण्याआधी शेवटचं काम रेतीच्या पोत्यांचं. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात नाव उभी करून माणसांच्या वजनाइतकी पोती जिथे माणसं बसणार तिथेच ठेवायची आणि दोन्ही बाजूंना काठ पाण्यापासून किती वर राहिला ते मोजायचं. मग सगळी पोती एका कुशीला सरकवून पुन्हा. कललेल्या बाजूला वीतभर काठ उरला नाही तर एक माणूस कमी. जो आकडा ठरेल त्याची रेघ दोन्ही अंगांवर बाहेरून आखायची, पण पहिल्या वर्षी खडूने. पावसाळ्यात फळ्या पाणी पितात, फोममध्ये कुठे ओल शिरते, सामान वाढत जातं, आणि दिवाळीत तीच पोती पुन्हा ठेवली की रेघ बोटभर पाण्याखाली गेलेली सापडते.